"आजारी आहात का?" एवढं विचारून भागत नाही : ऊसतोड कुटुंबांच्या आरोग्याची गरज कशी ओळखायची



शाळेत दरवर्षी आरोग्य तपासणी होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक गाडी घेऊन येतं, मुलांचं वजन-उंची घेतं, डोळे, दात, कान, त्वचा बघतं. आपण पट काढून देतो, रांगा लावतो, शेवटी रजिस्टरवर सही करतो. काम चांगलं आहे, त्यातून कितीतरी मुलांना चष्मे मिळाले, हृदयाच्या शस्त्रक्रिया झाल्या. पण ही तपासणी हजर असलेल्या मुलांची असते. आमच्या भागात दिवाळी झाली की निम्मा वर्ग आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातो. पथक जानेवारीत आलं तर ती मुलं पटावर असतात आणि तपासणीत नसतात. जंतनाशकाच्या गोळ्यांचंही तेच. ऑगस्टची गोळी मिळते, फेब्रुवारीची बऱ्याचदा हुकते.

म्हणजे ज्यांना गरज जास्त, त्यांचीच नोंद कमी. असे गट आपल्याकडे पुष्कळ आहेत. ऊसतोड कामगार, वीटभट्टीवरची कुटुंबं, मेंढपाळ, पालावरची माणसं, डोंगरातले आदिवासी पाडे. त्यांना आरोग्याच्या बाबतीत नेमकं काय हवंय हे कसं ओळखायचं, हा आजच्या पाठाचा विषय. फॉर्म भरून घेण्यापलीकडे त्याची एक जुनी, कसलेली रीत आहे. इंग्रजीत तिला एथ्नोग्राफी म्हणतात. सोप्या मराठीत सांगायचं तर माणसांमध्ये राहून, त्यांच्या बोलीत, त्यांच्या दिवसाच्या चाकोरीतून त्यांचं जगणं समजून घेणं.

ही रीत मूळची मानवशास्त्राची. ब्रॉनिस्लाव मालिनोवस्की हे अभ्यासक पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रियंड बेटांवर तंबू ठोकून राहिले, तिथली भाषा शिकले आणि दुभाष्याशिवाय बोलू लागले. आपल्या देशात एम. एन. श्रीनिवास 1948 साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. पुढे हीच पद्धत आरोग्याच्या कामात आली, कारण डॉक्टरांच्या लक्षात आलं की औषध असूनही लोक घेत नाहीत, दवाखाना असूनही येत नाहीत, आणि त्याचं कारण नुसत्या आकड्यांच्या तक्त्यात सापडत नाही.

शब्दापासून सुरुवात

एखादी सर्वेक्षण करणारी ताई दारात उभी राहून विचारते, "गेल्या पंधरा दिवसांत घरात कोणी आजारी होतं का?" बाई म्हणते, "न्हाई." ताई शून्य लिहिते आणि पुढच्या घरी जाते. त्याच बाईची कंबर दोन वर्षांपासून दुखते, अंगावरून जास्त जातं, चक्कर येते. मग ती खोटं बोलली का? मुळीच नाही. तिच्या भाषेत आजारी म्हणजे अंथरुणाला खिळलेली, हातपाय न चालणारी. जोवर ती भाकरी थापते आणि कामाला जाते तोवर ती आजारी नाही. आपल्या मराठीत यासाठी किती नेमका शब्दप्रयोग आहे बघा : दुखणं अंगावर काढणं. फॉर्ममध्ये 'आजार' असा रकाना असतो, 'अंगावर काढलेलं दुखणं' असा रकाना नसतो.

म्हणून या पद्धतीत पहिलं काम शब्द गोळा करण्याचं. लोक दुखण्यांना काय काय नावं देतात? 'अंगावरून पांढरं जाणं', 'पोटात गोळा येणं', 'पिशवी खाली येणं', 'रगत कमी होणं', 'बाहेरचं झालं', 'लेकरू सुकलं', 'पोट सुटलं'. यातलं प्रत्येक नाव वैद्यकीय पुस्तकातल्या एकाच आजाराशी जुळेल असं नाही. पण 'अशक्तपणा आहे का' असं विचारल्यावर जी बाई गप्प बसते, ती 'अंगावरून जातं का' असं दुसऱ्या बाईनं हळू आवाजात विचारल्यावर बोलायला लागते. बोली कळली की निम्मं काम झालं.

गडचिरोलीत काय झालं

याचं आपल्या महाराष्ट्रातलं उत्तम उदाहरण म्हणजे गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्या काळी ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच सरकारी हिशेब होता. बाकी दुखणी कोणी मोजलीच नव्हती. त्यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 55 टक्के स्त्रियांनी आपणहून काही ना काही तक्रार सांगितली. प्रत्यक्ष तपासल्यावर 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अनेक स्त्रीरोग असल्याचं निघालं. आणि याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया किती? फक्त 8 टक्के. 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं आणि जगभर त्याची दखल घेतली गेली.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. 92 हा आकडा तपासणीचा आहे, गप्पांचा नाही. पण खेड्यातल्या बायका अशा तपासणीला तयार होणं, हीच मोठी गोष्ट होती. त्यासाठी त्यांची बोली, त्यांची लाज, त्यांची भीती आधी समजून घ्यावी लागते. राणी बंग यांनी बायकांशी झालेल्या अशा बोलण्यातून 'कानोसा' नावाचं पुस्तक लिहिलं. नावच किती समर्पक आहे, नाही का! अंगावरून पांढरं जाण्याबद्दल बायकांना काय वाटतं, यावर बंग दांपत्याचा वेगळा अभ्यासही आहे. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी पांढरं जाणं म्हणजे अंगातली ताकद जाणं असा समज असतो. एकदा हे कळलं की बाई हातपाय गळाल्याची तक्रार घेऊन येते तेव्हा तिला मनातून काय सांगायचंय, हे ऐकणाऱ्याला कळतं.

दुसरी गोष्ट दवाखान्याची. तिथल्या आदिवासींना विचारलं गेलं, तुम्ही इस्पितळात का येत नाही? कारणं अशी निघाली की शहरात बसून कुणाला सुचली नसती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि पांढरं कापड तर मेलेल्या माणसाला गुंडाळतात. नातेवाइकांना बाहेर काढतात, रोगी एकटा पडतो. मग 'शोधग्राम'मधला दवाखाना आदिवासी गावासारखा बांधला. इमारतीऐवजी झोपड्या, नातेवाइकांना सोबत राहायला जागा, आणि नाव देवीचं : माँ दंतेश्वरी दवाखाना. बघा, गरज फक्त 'अधिक खाटा' अशी नव्हती. खाटा वाढवल्या असत्या तरी त्या रिकाम्याच राहिल्या असत्या.

तिसरी गोष्ट नवजात बाळांची. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतीण आणि बाळ घराबाहेर पडत नाहीत, हे तुम्हाला-मला वेगळं सांगायला नको. बाळ आजारी पडलं तरी दवाखान्यात न्यायला घरचे तयार होत नाहीत, आणि न्यायचं म्हटलं तरी गाडी नाही, पैसे नाहीत. मग बाळाला दवाखान्यात आणण्याऐवजी उपचारच घरी नेले. गावातल्याच स्त्रियांना शिकवून त्यांना घरोघर पाठवलं. 39 गावांत हा प्रयोग झाला. 1995 ते 1998 या तीन वर्षांत नवजात बालमृत्यूचं प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानानं, 62 टक्क्यांनी खाली आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाऊन बाळाचं वजन घेते, ताप बघते, त्यामागे हा प्रयोग आहे.

ऊसतोड : आकडा आणि त्यामागचा दिवस

आता आपल्या जवळच्या प्रश्नाकडे येऊ. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी गाजली. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे जवळजवळ सहापैकी एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत त्या सुमारास देशभरात 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास होतं. दोन्ही पाहण्यांची रीत वेगळी, वयोगट वेगळे, त्यामुळे ते आकडे शेजारी ठेवून थेट भागाकार करू नये. तरी फरक डोळ्यांवर येण्याइतका मोठा आहे.

आकड्यानं धक्का दिला आणि त्याचा उपयोगही झाला. खासगी दवाखान्यांना अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. हे हवंच होतं. पण परवानगीनं शस्त्रक्रिया थांबते, रक्तस्राव थांबत नाही. बाई दवाखान्यात का गेली होती, हा प्रश्न तसाच राहतो. त्याचं उत्तर तिच्या दिवसात आहे.

तो दिवस माझ्या चौथीच्या वर्गातल्या मुलांनी फळ्यावर काढून दाखवला. गणिताच्या तासाला घड्याळ शिकवत होते. मी चोवीस तासांचं एक मोठं वर्तुळ काढलं आणि म्हटलं, कारखान्यावर असताना आईचा दिवस यात भरा. मुलं पटापट सांगत गेली, मी लिहीत गेले. पहाटे तीन-साडेतीनला उठणं, चुलीवर भाकऱ्या. उजाडायच्या आत फडात. बाप ऊस तोडतो, आई पाचट सोलते, मोळ्या बांधते. मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. दुपारनंतर कोपीवर परत. पाणी आणणं, धुणं, लेकरांना न्हाऊ घालणं, पुन्हा स्वयंपाक. ट्रक रात्री आला तर रात्रीच भरायचा. एक मुलगा म्हणाला, "बाई, झोपायचं कुठं लिवायचं?" त्यानं सहज विचारलं होतं. वर्तुळात खरोखरच जागा शोधावी लागली.

आता याच वर्तुळावर प्राथमिक आरोग्य केंद्राची बाह्यरुग्ण विभागाची वेळ टाका. सकाळ, आणि मग दुपारनंतर थोडा वेळ. सकाळच्या वेळेला ती फडात आहे. दुपारच्या वेळेला ती पाण्याच्या रांगेत आहे, आणि केंद्र चार-पाच कोसांवर आहे. सुट्टी घ्यायची तर खाडा पडतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात, मुकादमाकडून हंगामाआधी 'उचल' म्हणजे आगाऊ रक्कम घेतात, आणि कामावर न गेलेल्या दिवसाचा 'खाडा' म्हणून पैसे कापले जातात. एक जण आजारी पडला की अख्खा कोयता बसतो. मग पाळीच्या चार दिवसांत काय करायचं? फडात आडोसा नाही, संडास नाही, कापड बदलायला जागा नाही, धुवायला पाणी नाही. पोटभर पाणी प्यायचं तर लघवीला कुठं जायचं, म्हणून पाणीच कमी प्यायचं. त्यातून मूत्रमार्गाची जळजळ, जंतुसंसर्ग. लग्न लवकर, मुलं लवकर, बाळंतपणानंतर डोक्यावर मोळी लवकर. मग अंगावरून जाणं, ओटीपोट दुखणं. हंगामभर अंगावर काढायचं आणि गावी परतल्यावर खासगी दवाखाना गाठायचा. तिथे कोणी तरी सांगतं, पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. बाई विचार करते : दोन-तीन लेकरं झालीत, पाळीची कटकट जाईल, खाडा वाचेल. ती "पिशवी काढून टाका" म्हणते. त्या शस्त्रक्रियेसाठी कर्ज, कर्ज फेडायला पुढच्या वर्षीची उचल, उचलीसाठी पुन्हा फड. आणि तरुण वयात गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढलं असेल तर पाळी जाण्याचे सगळे त्रास अकाली मागे लागतात, हाडं ठिसूळ होतात.

ही साखळी समोर ठेवून सांगा, गरज कोणती? स्त्रीरोगतज्ज्ञ हवाच. पण त्याआधी फडाजवळ पाणी, आडोसा, फिरता संडास, पाळीत खाडा न कापण्याचा नियम, आणि संध्याकाळी कोपीवर येणारं आरोग्य पथक. यातल्या निम्म्या गोष्टी आरोग्य खात्याच्या यादीत बसतच नाहीत. मला ही पद्धत पटते ती याच कारणानं. ती गरजेला खात्यांच्या कप्प्यांत तोडत नाही.

करायचं कसं

मानवशास्त्रज्ञ वर्ष-दोन वर्षं राहतात, आपल्याला ते शक्य नाही. पण 1980 नंतर आरोग्याच्या कामासाठी या पद्धतीची आटोपशीर रूपं तयार झाली. सुसान स्क्रिमशॉ आणि एलेना उर्तादो यांनी 1987 साली काही आठवड्यांत करता येईल अशा पाहणीची पुस्तिका काढली. रॉबर्ट चेंबर्स यांच्या नावाशी जोडलेली लोकसहभागी पाहणी तर आपल्या पाणलोटाच्या कामातून अनेक गावांत पोचली आहे. जमिनीवर रांगोळीनं गावाचा नकाशा काढतात ना, तीच. नकाशात दवाखाना कुठे, पाणी कुठे, बायका परसाकडे कुठे जातात, हे त्यांनाच काढू द्यायचं.

मला सर्वात उपयोगी वाटते ती चित्रांच्या पत्त्यांची रीत. आधी मोकळेपणानं विचारायचं, इकडं लेकरांना काय काय होतं? जी नावं येतील ती तशीच लिहायची, सुधारायची नाहीत. मग प्रत्येक नावाचं साधं चित्र एकेका पत्त्यावर काढायचं आणि चार-पाच बायकांसमोर ठेवायचं. "जी दुखणी एकसारखी वाटतात त्यांचा गठ्ठा करा." "ज्याला दवाखान्यात नेता त्यांचा एक, घरीच बघता त्यांचा एक, देवाचं बघता त्यांचा एक." वाचता न येणाऱ्या बाईलाही हे जमतं. आणि गठ्ठे लावताना त्या आपसांत जी वादावादी करतात, ती आपल्या प्रश्नावलीपेक्षा कितीतरी जास्त सांगून जाते. समजा जुलाबाचा पत्ता 'दात येतात' या गठ्ठ्यात पडला. मग लगेच कळतं की या वस्तीत ओआरएसची पुडी का वापरली जात नाही. दात येताना जुलाब होणारच असं धरलं, की त्याला औषध कशाला?

एखाद्या दुखण्याची गोष्ट ऐकायची असेल तर हार्वर्डचे डॉक्टर आणि मानवशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी सुचवलेल्या प्रश्नांचा आधार घेता येतो. माझ्या शब्दांत सांगते. या दुखण्याला तुम्ही काय म्हणता, कशानं झालं असं वाटतं, तेव्हाच का सुरू झालं, त्यानं रोजचं काय अडतं, कोणता इलाज व्हावा असं वाटतं, आणि सर्वात जास्त भीती कशाची वाटते. शेवटचा प्रश्न सोडू नका. भीती बहुतेक वेळा रोगाची नसते. "पडून राहिले तर मुकादम काय म्हणेल", "लेकरांना कोण बघंल", अशी असते.

कुठे बसतो, कोणाबरोबर जातो, यावर उत्तरं बदलतात. मुकादमाबरोबर गेलात तर सगळं ठीकच असतं. सरपंचांबरोबर गेलात तर रस्ता आणि नळाची मागणी येते. खुर्ची मागू नका, त्या बसल्यात तिथेच बसा. हातात वही-पेन धरून पहिल्याच दिवशी लिहायला लागलात तर समोरची बाई अनुदानाची यादी समजून बोलते. त्यात तिचा दोष काय? आजवर वही घेऊन जो आला तो यादीच करायला आला. दोन-तीन वेळा नुसतं जाऊन या. भाकरी चुलीवर असताना प्रश्न विचारण्यापेक्षा पीठ मळायला हात लावलेला बरा.

सांभाळायच्या गोष्टी

ही पद्धत चुकीच्या हाती गेली तर एक वाईट गोष्ट होते. सगळं खापर लोकांच्या समजुतींवर फुटतं. "अंधश्रद्धा आहे हो, म्हणून येत नाहीत," हे वाक्य आपण किती बैठकांत ऐकलंय! डॉ. पॉल फार्मर स्वतः मानवशास्त्रज्ञ होते. हैती या गरीब देशात त्यांनी क्षयरुग्णांच्या दोन गटांची तुलना केली. औषध दोघांनाही फुकट होतं. एका गटाला त्याशिवाय दरमहा थोडे पैसे, जादा आहार आणि घरभेटी मिळाल्या. तो गट सगळाच्या सगळा बरा झाला, दुसऱ्यातले जवळपास निम्मेच. आणि क्षय करणीमुळे होतो असं मानणारे रुग्ण दोन्हीकडे होते. त्या समजुतीनं औषध घेण्यात फरक पडला नाही, खिशातल्या पैशानं पडला. तेव्हा समजुती जरूर ऐकाव्यात, पण बाईनं करणीचं नाव घेतलं म्हणून तिच्या गावची एसटी बंद आहे हे विसरू नये.

या पद्धतीची मर्यादाही ध्यानात ठेवावी. दहा घरी मन लावून बोललात म्हणून 'इतके टक्के' असं लिहिता येत नाही. किती जणींना, हे सांगायला पाहणीच लागते. का आणि कसं, हे सांगायला हे लागतं. गडचिरोलीत दोन्ही एकत्र होतं म्हणून त्या कामाला वजन आलं.

आणि आपण शिक्षक आहोत, डॉक्टर नाही. आपलं काम ऐकणं आणि ते आशाताई, आरोग्यसेविका, वैद्यकीय अधिकारी यांच्यापर्यंत पोचवणं, तेसुद्धा बाईची परवानगी घेऊन आणि नाव न घेता. मुलांकडून आईचा दिवस विचारणं ठीक, आईचं दुखणं विचारू नये. ते तिचं आहे, ती सांगेल तर सांगेल. पाळी, पिशवी हे विषय शिक्षिकांनीच बोलावेत, तेही एकांतात. हल्ली आपल्याला प्रत्येक उपक्रमाचा फोटो काढून गटावर टाकायची सवय लागली आहे. इथे ती मोडावी लागेल. कोपीतल्या बाईचा चेहरा आणि खाली 'आरोग्य समस्या जाणून घेताना' अशी ओळ, हे गावभर फिरलं की ती बाई पुन्हा कुणाशीही बोलणार नाही. तिच्या घरात त्यावरून काय होईल ते वेगळंच.

पालकांसाठीही दोन शब्द. तुम्ही स्वतः ऊसतोडीला जात असाल आणि कोणी तुमच्याशी असं बोलायला आलं तर "हे कशाला विचारता, याचं पुढं काय करणार?" असं खुशाल विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर सांगू नका.

यंदाच्या हंगामाआधी

दसऱ्याच्या आधी एक काम प्रत्येक शाळेला करता येईल. कोणकोणती कुटुंबं जाणार, कोणत्या कारखान्याच्या परिसरात, आणि बरोबर किती लहान लेकरं, गरोदर बाई आहे का, याची यादी आशाताईंबरोबर बसून करा. गरोदरपणाचं आणि लसीकरणाचं कार्ड गावातच पेटीत राहतं आणि तिकडे बाळाचा डोस चुकतो. म्हणून कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्यायला सांगा, आणि मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून घ्यायला सांगा. हा फोटो त्यांच्या मोबाईलमध्ये, आपल्या नाही. तिकडच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींचा किंवा बाईंचा नंबर मिळाला तर फेब्रुवारीत एक फोन करा : आमची पाच लेकरं तुमच्या शिवारात कोपीवर आहेत, जंतनाशकाची गोळी त्यांनाही द्या.

आणि मार्च-एप्रिलमध्ये मुलं परत आली की पहिल्या आठवड्यात ते चोवीस तासांचं वर्तुळ पुन्हा फळ्यावर काढा. या वेळी मुलांना स्वतःचाच दिवस भरू द्या. लहान भावंडाला कोण सांभाळत होतं, पाणी कोण आणत होतं, शाळा त्यात कुठे बसली, ते लिहून ठेवा. जूनमध्ये शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत तो कागद मांडता येतो. कोणी केलंत तर काय निघालं ते जरूर कळवा.